हाडाचं दार

उघडी: हाड, मेंदू, रक्तवाहिन्या

"शर्वरी आणि कृपा," विदुलाताई म्हणाल्या आणि पुढच्या जोडीकडे वळल्या.

हेमांगीचे दोन्ही हात आधीच पुढे आले होते. फुगडीची हाक आली की ते आपोआप पुढे येत आणि समोर शर्वरीचे हात असत. हे इतकी वर्षं चाललं होतं की हातांना विचारायची सवयच राहिली नव्हती. आज ते हवेत उघडे पडले. तिने ते सावकाश कमरेवर नेले, पदर घट्ट खोचल्यासारखं केलं आणि मागे सरकली.

"आणि मी?"

"तू मधे उभी राहा. चौघी तुझ्या खांद्यांना धरून फिरणार." विदुलाताई हसल्या. "तुझं हाड उघडं आहे ना? मग खांब तूच."

खांब. हेमांगी मधे जाऊन उभी राहिली.

सांगलीच्या हिरवा चुडा मंडळात जोड्या अशाच लागत. मंगळागौरीचे खेळ करणारी ही बायकांची टोळी, बहुतेक जणी पन्नाशी ओलांडलेल्या. श्रावणभर घरोघरच्या सुपाऱ्या आणि श्रावण सरता सरता जिल्ह्याची स्पर्धा. पूर्वी विदुलाताई उंची बघून जोडी लावायच्या. आता दारं विचारायच्या. जिचं हाड उघडं ती आधाराला, जिचा कंठ उघडा ती गाण्याला, जिचा स्नायू उघडा ती फुगडीला. दारांबाबत खोटं बोलायचं नाही, हा मंडळाचा एकच कडक नियम. कारण एकीच्या अंगात काय आहे यावर दुसरीचं डोकं शाबूत राहणार असतं.

शर्वरी आणि कृपाने हातांची अढी घातली, पावलांना पावलं भिडवली, मागे रेलल्या आणि फिरू लागल्या. कृपा मंडळात नवी होती, अडतीस वर्षांची. तिची सगळी दारं निसर्गानेच अजून सताड उघडी ठेवली होती. शर्वरी पंचावन्नची, शाळेत हेमांगीच्याच बाकावर बसायची. पण स्नायूचं दार उघडल्यापासून ती चालायची सुद्धा अशी, की जमिनीने तिला हळूच वर झेलावं.

सगळ्या बायका पावलांकडे बघत होत्या. हेमांगी चेहऱ्यांकडे बघत होती. फुगडीत भोवळ येऊ नये म्हणून समोरचीच्या डोळ्यांत बघायचं असतं. शर्वरी कृपाच्या डोळ्यांत बघत होती.

"अगं ए खांबा, टाळी दे की!" विदुलाताई ओरडल्या.

हेमांगीने टाळी दिली. ती ठेक्यात पडली नाही.


दारांविषयी

इस्ट्रोजेन हा रक्तातून अंगभर फिरणारा निरोप्या आहे. निरोप एकच, पण प्रत्येक घरात त्याचा अर्थ निराळा. पेशीच्या आत त्याला धरून ठेवणारा एक रेणू असतो, त्याला ग्राही म्हणतात. मुख्य ग्राही दोन जातींचे, अल्फा आणि बीटा. कुठल्या उतीत कुठला जास्त आहे आणि त्याच्या भोवती मदतनीस प्रथिनं कोणती आहेत, यावरून निरोपाचं पुढे काय होणार ते ठरतं. हाडात तो पाडकाम करणाऱ्या पेशींना आवरतो. मेंदूत अंगाची उष्णता सांभाळणाऱ्या केंद्राला शांत ठेवतो. स्नायूत ऊर्जेच्या भट्ट्या पेटत्या राखतो, कातडीत ओलावा धरतो, गर्भाशयाचं अस्तर जाड करतो, आणि स्तनातल्या पेशींना म्हणतो, वाढा. पाळी गेली की निरोप्याचं येणं जवळजवळ थांबतं. मग कुठल्या घराचं काय बिघडेल ते ज्या त्या घरावर.

जुन्या काळी गोळी देऊन सगळ्या घरांना एकदम निरोप पोचवत. हाडं सुधारत, झोप लागे. पण काहींच्या स्तनात नको ती वाढ सुरू होई, काहींच्या पायात रक्ताची गुठळी धरे. पुढे असे रेणू हाती आले, जे एका उतीत दार उघडतात आणि दुसऱ्या उतीत त्याच दारात आडवे बसतात. 'दरवान' ही त्याच्या पुढची पायरी. काडेपेटीतल्या काडीएवढी नळी दंडात कातडीखाली बसवायची. तिच्यातला रेणू झोपलेला असतो. डॉक्टर बाहेरून ज्या उतीचा पत्ता चालू करतील, तिथेच तो जागा होतो. स्तन आणि गर्भाशय ही दोन दारं बनवणाऱ्यांनीच कायमची कुलूपबंद ठेवली होती. उरलेल्या सातांतली तीन उघडायची मुभा. जास्त उघडली की जागे झालेले रेणू सांडून यकृतात जात आणि तिथे रक्त घट्ट करायच्या उद्योगाला लागत. एकदा बदल केला की सहा महिने पुन्हा हात लावायचा नाही.

तीन उघडायची म्हणजे चार सोडायची. आणि कोणी काय सोडलं हे सांगलीत लपून राहतंय थोडंच. हळदीकुंकवाला जिचे गाल तुकतुकीत दिसत, तिच्या पाठीमागे बायका म्हणत, "कातडी उघडलीय. आत भुगा झाला असेल हाडांचा." रस्त्यात थांबून जी पदराने वारा घेई, तिच्याबद्दल, "मेंदू बंद ठेवलाय बाईने. घाम बघ."

हाड मात्र कुणाला दिसत नसे. हाड उघडणारीला आजवर कुणी छान दिसतेस म्हणालं नव्हतं. हेमांगीच्या आईचा खुबा मोरीत मोडला होता आणि ती अंथरुणातून परत उठली नव्हती, म्हणून हेमांगीने पहिलं दार हाडाचं उघडलं होतं.


चहा

"कृपा म्हणजे ती नवीन ना? चांगली आहे की मुलगी," निरंजन म्हणाला. हेमांगीचा नवरा बिस्किट चहात बुडवून, ते पडायच्या आत तोंडात नेण्यात वाकबगार होता. "तुझ्या गुडघ्यांना आराम."

"माझ्या गुडघ्यांनी आराम मागितलाय का?"

"जळतेस तू."

"मी? त्या पोरीवर?"

"आपल्या लग्नात तू माझ्याकडे कमी आणि शर्वरीकडे जास्त बघत होतीस. फोटो आहेत." त्याने दुसरं बिस्किट घेतलं. "मला काही नाही. मी तेव्हाच ठरवलं, आपण दुसरे."

हेमांगीला हसू आलं नाही. तिने शर्वरीला फोन लावला.

"अगं, जोडी विदुलाताईंनी लावली, मी नाही," शर्वरी म्हणाली.

"नाही म्हणता आलं असतं."

"का म्हणू?" पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. "हेमा, खरं सांगू? हल्ली तुझ्याबरोबर फिरताना मला तुला ओढावं लागतं. कृपाबरोबर मी उडते."

"उड बाई."

"रागावलीस?"

"छे. खांबाला कसला राग?"

फोन ठेवल्यावर ती ओट्यापाशी उभी राहिली. उडते. हा शब्द शर्वरीने आयुष्यात कधी वापरलेला तिला आठवेना. नव्या माणसाबरोबर नवे शब्द येतात तर.


बंद: हाड

डॉक्टर सामकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या हेमांगीहून वयाने लहान होत्या आणि रागावल्या की आणखी लहान दिसायच्या.

"हाड बंद करून स्नायू? उलट तरी समजलं असतं मला. कारण?"

"बदल हवाय."

"हे बघा. हाड म्हणजे काही दगड नाही. तिथे पाडकामवाले आणि गवंडी रोज काम करत असतात. तुमचं दार उघडं होतं म्हणून पाडकामवाले दबून होते. ते मेले नाहीत, दबून बसलेत. दार बंद केलं की इतक्या वर्षांची कसर काढायला सगळे एकदम उठतील. न उघडलेलीपेक्षा उघडून बंद केलेलीचं नुकसान जास्त वेगाने होतं. तुमच्या आईचं..."

"माझ्या आईला फुगडी येत नव्हती," हेमांगी म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा परत लावला. "फुगडीसाठी करताय हे?"

"स्नायूसाठी."

"मग मेंदू बंद करू. हाड राहू दे. थोडा घाम, थोडी जागरणं. मरत नाही त्याने कुणी."

तिने विचार केला. घामाने डबडबलेली, झोपेविना तारवटलेली आपण, समोर शर्वरी, आणि बाजूला कोरडी, टवटवीत कृपा. हाड कुणाला दिसत नाही. ते असलं काय नि नसलं काय, दिसत नाही.

"हाडच," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या दंडावर यंत्र टेकवलं. ते दोनदा बारीक वाजलं. चैत्र नुकता लागला होता. दवाखान्याच्या दारात कुणीतरी कैऱ्या विकत होतं, आणि हेमांगीने मुद्दाम शर्वरीला आवडतात तसल्या आंबट घेतल्या.


हिरवा चुडा, मोबाईलवरचा गट

विदुलाताई: उद्यापासून स्पर्धेची तालीम. प्रत्येकीने आपली दारं सांगा. बदल केला असेल तर लपवू नका, जोड्या त्यावर आहेत.

शर्वरी: स्नायू, मेंदू, कंठ. तेच.

कृपा: माझी अजून घरचीच आहेत ताई. सगळी उघडी.

हेमांगी: देवाने दिलेलं असं गावाला दाखवू नये गं. नजर लागते.

शर्वरी: हेमा!

हेमांगी: गंमत केली.

कृपा: हो हो काकू, कळलं.

हेमांगी: ताई म्हण.

विदुलाताई: हेमांगी, दारं?

विदुलाताई: हेमांगी?

हेमांगी: हाड, स्नायू, रक्तवाहिन्या. मेंदू बंद केला.

शर्वरी: स्नायू??? कधी? मला बोलली नाहीस!

शर्वरी: अगं पण घामाचं काय, झोपेचं काय?

हेमांगी: सोसेन.

विदुलाताई: हाड पण आणि स्नायू पण! मग काय विचारता. शर्वरी-हेमांगी जोडी पुन्हा. कृपा, तू राखीव.


उघडा: स्नायू

पहिल्या महिन्यात काही झालं नाही. मग एक दिवस जिना चढताना ती वर पोचली तेव्हा श्वास तिच्यासोबतच पोचला. मग एकदा तालमीत शर्वरी मागे रेलली, हेमांगी मागे रेलली, पावलं जमिनीवर घासली आणि शर्वरीचे डोळे मोठे झाले.

"हेमा!"

"काय?"

"अगं, काय हे! फीर, फीर, थांबू नको!"

दोघी फिरल्या. भिंती गेल्या, बायका गेल्या, विदुलाताई नुसती एक हिरवी रेघ होऊन गेल्या. राहिला फक्त शर्वरीचा चेहरा, स्थिर, मधोमध, नाकावरच्या त्या एका तिळासकट. बाहेर कुठेतरी कृपा टाळ्या देत होती. देऊ दे.

मोठी गंमत तर पुढे होती. मेंदू बंद आहे म्हटल्यावर घाम यायला हवा, आणि हेमांगीला तो येईना. ती रात्रभर ढाराढूर झोपायची आणि सकाळी तालमीला येऊन जांभया द्यायची. पर्समध्ये विणलेला पंखा ठेवायची. मोरीत जाऊन मानेवर पाणी शिंपडून यायची आणि "काय बाई हा भडका" म्हणत पंखा हलवायची. शर्वरी तिचा पंखा हातातून घेऊन स्वतः वारा घाले. तेवढा वेळ हेमांगी डोळे मिटून बसे. सुख म्हणावं तर हेच, आणि चोरीचं म्हणून थोडं अधिक गोड.

"ताई, तुमच्यासाठी कोकम सरबत आणलंय," कृपा एकदा म्हणाली. "भडक्याला बरं असतं. माझ्या आईला फार त्रास व्हायचा."

सरबत फार चांगलं झालं होतं. हेमांगीने अर्धं ठेवून दिलं.


चित्र

आषाढात डॉक्टर सामकांनी हाडांची तपासणी करायला बोलावलं. हेमांगी दोनदा टाळून तिसऱ्यांदा गेली.

पडद्यावर मनगट होतं. जुन्या चित्रात हाडाच्या आत बारीक जाळी दिसत होती, सुगरणीच्या घरट्यासारखी दाट विणलेली. नव्या चित्रात त्याच जाळीचे धागे तुटून लोंबत होते. मधल्या जागा काळ्या होत्या.

"बाहेरची कड आहे तशीच दिसतेय. म्हणून तुम्हाला काही जाणवत नाही," डॉक्टर म्हणाल्या. आज त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि ते अधिक वाईट होतं. "तुमचं मला भीती होती त्याच्याहून वेगाने गेलंय. मनगट आणि मणके. पडलात तर हात टेकू नका, असं मी सांगेन, पण पडणारा माणूस हात टेकतोच."

"दार परत उघडा."

"आश्विनाआधी यंत्र ऐकणार नाही. आणि उघडलं तरी गवंडी सावकाश काम करतात, हेमांगीताई. पाडणं भराभर होतं, बांधणं नाही. तोवर फुगडी बंद. तुमच्या जोडीदारणीला माहीत आहे?"

हेमांगी पडद्यावरच्या काळ्या जागांकडे बघत होती. त्यांतून तिला कृपा हात पुढे करून उभी दिसत होती.

"त्यांना सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "फुगडीत दोघींचं सगळं वजन या दोन मनगटांवर असतं ना? एक मोडलं की तुम्ही एकीकडे फेकल्या जाल आणि त्या दुसरीकडे. त्याही माझ्याकडेच येतात; त्यांचं हाडाचं दार कुठे उघडं आहे? त्यांना का पणाला लावता?"

"सांगते."

खाली रिक्षात बसल्यावर तिने मोबाईल काढला. शर्वरीच्या नावावर बोट ठेवलं. सांगितलं तर शर्वरी ओरडेल, रडेल, घरी धावत येईल, पेज करून घालेल. आणि संध्याकाळी तालमीला जाऊन कृपाच्या डोळ्यांत बघेल.

एवढी एक स्पर्धा होऊ दे. मग सांगू.

ती तालमीला गेली. रोज गेली. हात देताना आता ती मनात काहीतरी पुटपुटायची. देवाचं नाव घेण्याचा धीर तिला होत नव्हता, म्हणून नुसतेच आकडे.


स्पर्धा

दुपारची वेळ. नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत नऊवारी साड्या, गजरे, सेफ्टी पिना आणि बायकांचा कलकलाट. शेवटची फुगडी सगळ्यांत जास्त गुणांची: जी जोडी गाणं न तुटता जास्तीत जास्त वेळ फिरेल, तिचं मंडळ पहिलं. इस्लामपूरच्या जोडीने कमाल केली होती; त्यांच्या टाळ्या अजून भिंतीपलीकडून येत होत्या.

शर्वरीने हेमांगीसमोर उभं राहून तिचा गजरा सरळ केला.

"ऐक. त्यांना मागे टाकायचं तर जपून फिरून नाही चालायचं. आज मी सगळं वजन टाकणार आहे तुझ्यावर. अगदी सगळं. मान सुद्धा सोडून देणार मागे."

"कशाला?"

"अगं, त्याशिवाय तो वेग नाही यायचा. आणि मला काय भीती? कृपाबरोबर नसतं केलं मी हे. पोरगी चांगली आहे, पण तिचा नेम नाही. तुझं तसं नाही. तुझं हाड आहे."

कृपाबरोबर नसतं केलं. महिनोन्‌महिने हेमांगी ज्याच्यासाठी जळत होती ते वाक्य असं, पिन तोंडात धरून, सहज म्हटलं गेलं. आणि ते ज्या गोष्टीला उद्देशून होतं ती गोष्ट तिच्या अंगात नव्हती.

"नको टाकू," ती म्हणाली.

"काय?"

"वजन. नको टाकू. माझं हाड बंद आहे."

शर्वरीने पिन तोंडातून काढली. "मेंदू बंद आहे तुझा."

"मेंदू उघडा आहे. हाड बंद आहे. चैत्रापासून. मनगट पोकळ झालंय. डॉक्टरांनी आषाढातच फुगडी बंद सांगितली."

शर्वरीच्या डोळ्यांत हिशेब दिसत होता. कुठला दिवस, कुठली तालीम, किती वेगात.

"आणि तो घाम? तो पंखा?"

"नाटक," हेमांगी म्हणाली.

"मी तुला वारा घालत होते गं!" शर्वरीचा आवाज चिरला, आणि खोलीतल्या बायका वळून बघू लागल्या. "आणि तू रोज माझे हात धरत होतीस? पोकळ मनगटांनी? मी भिंतीवर आपटले असते तर?"

"हो."

"कशासाठी?"

"तू म्हणालीस, कृपाबरोबर उडते."

शर्वरीने तिच्याकडे असं बघितलं, की हेमांगीला वाटलं, एक मुस्काटात तरी मारेल. तिने मारली नाही. ती वळली आणि म्हणाली, "कृपा! पदर खोच."

विदुलाताईंना समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि त्यांना ऐकायलाही नव्हता. "नियम तोडलास. तुझ्याशी मी उद्या बोलते," त्या म्हणाल्या. "आज फुगडीचं गाणं तू म्हण. शर्वरीचा श्वास कुठे तुटतो ते तुलाच ठाऊक. ठेका सांभाळ. दुसरं काही करू नकोस."

गाणं म्हणणारी मंचाच्या कडेला बसते. ठेका तिच्या हातात. ती जशी गाईल तशी जोडी फिरेल, ती थांबली की फुगडी संपली. हेमांगी बसली. तिचा कंठ बंद होता, आवाज भरड. ती गाऊ लागली. फुगडीची गाणी जागेवरच जोडायची असतात, एकमेकींना डिवचायचं असतं. पहिल्या दोन कडव्यांत तिने माहेर-सासरचं नेहमीचं म्हटलं. शर्वरी आणि कृपा सावकाश फिरू लागल्या. शर्वरीने कृपाच्या डोळ्यांत डोळे घातले, आणि हेमांगीच्या तोंडून आपसूक निघालं:

"ताकाच्या डेऱ्यात बुडाली रवी,
जुनी झाली शिळी गं, आवडली नवी!"

प्रेक्षागृहात हशा पिकला. त्यांना वाटलं, खेळच आहे. शर्वरीला तसं वाटलं नाही. फिरता फिरता, श्वास सावरून, तिने उलट फेकलं:

"चुलीवर तापला लोखंडी तवा,
जळतंय कुणाचं ते, येऊ द्या हवा!"

टाळ्या. शिट्ट्या सुद्धा. हेमांगीच्या कानशिलांत आता खरोखरचा भडका उठला, आणि त्याचा कुठल्याच दाराशी संबंध नव्हता. तिने ठेका वाढवला.

दोघी तिच्या ठेक्यावर आल्या.

तिने आणखी वाढवला. गाण्यात शब्द राहिले नाहीत, नुसती फू-फू. साड्या एक झाल्या. कृपाचे ओठ घट्ट मिटले होते. हेमांगीला शर्वरीचा श्वास ऐकू येत होता, कुठे अडतो, कुठे सुटतो; त्याच्या नेमक्या आधी ती टाळी मारत होती. आणखी. आणखी. एकीचा तोल जाऊ दे. एक पाऊल चुकू दे.

पडल्या नाहीत. उलट शर्वरीने मान मागे सोडली. हेमांगीवर टाकायचं म्हणाली होती ते सगळं वजन तिने कृपावर टाकलं, आणि कृपाने ते पेललं. शर्वरी हसत होती. तोंड उघडं, लहान मुलीसारखी हसत होती. समोरच्या घड्याळात इस्लामपूरची वेळ जवळ येत होती. अजून थोडंच.

हेमांगीची टाळी हवेत थांबली.

ठेका तुटला. दोघी दोन-चार फेरे नुसत्याच वेगाच्या बळावर फिरल्या, मंदावल्या, थांबल्या, एकमेकींच्या गळ्यात पडून धापा टाकू लागल्या. परीक्षकांनी घंटी वाजवली. लोकांनी भरभरून टाळ्या दिल्या, पण पहिला नंबर इस्लामपूरचा.

विदुलाताई बक्षीस समारंभाला थांबल्याच नाहीत. मागच्या खोलीत बायका आवराआवर करत होत्या आणि हेमांगीच्या आजूबाजूची जागा मोकळी सोडून चालत होत्या. कृपा येऊन तिच्या हातात पाण्याचा पेला देऊन गेली. तेही झोंबलं.

मग शर्वरी आली. समोर उभी राहिली.

"जिंकलो असतो आम्ही," ती म्हणाली.

"हो."

"दम होता आमच्यात. तुझ्यातही होता. मग का थांबलीस?"

घसा बसला म्हणता आलं असतं. तुझा श्वास अडकला असं वाटलं, हेही चाललं असतं; शर्वरीने विश्वास ठेवला असता. पण चैत्रापासून हेमांगी इतकं खोटं बोलली होती की आता नवं जोडायचं त्राण नव्हतं.

"मला बघवेना."

"आम्ही पडू म्हणून?"

"नाही," हेमांगी म्हणाली. "पडत नव्हतात म्हणून."

शर्वरी हळूच तिच्याशेजारी जमिनीवर बसली. बराच वेळ ती गजऱ्यातली फुलं एकेक काढून मांडीवर टाकत राहिली.

"दार कधी उघडणार?"

"आश्विनात."

"आणि मनगट भरायला?"

"वर्ष. दोन वर्षं. भरेलच असं नाही."

"तोवर मी कृपाबरोबर फिरणार, हेमा. आणि कदाचित नंतरही."

"फीर."

"तुला चालणार आहे?"

"नाही," हेमांगी म्हणाली. "पण गाईन मी."